एकाच सोर्समधून चार आर्किटेक्चरची कर्नल पॅकेजेस: आवृत्ती, कॉन्फिग, हेडर्स काहीच जुळत नाही

प्रश्न
पॅकेजघर:

लिनक्स कर्नल ६.१२ एलटीएसची (दीर्घकाळ सांभाळली जाणारी आवृत्ती) एकच गिट शाखा आहे, वर आमचे थोडे पॅचेस. त्यातून चार डेबियन आर्किटेक्चरसाठी पॅकेजेस हवी आहेत: एएमडी६४, आर्म६४, आर्मएचएफ आणि रिस्कव्ही६४. बिल्ड मशीन एक्स८६-६४, त्यावर डेबियन १३. प्रत्येक आर्किटेक्चरचं डेफकॉन्फिग (कर्नलसोबत येणारं ठरलेलं कॉन्फिग) घेऊन त्यात मेन्यूकॉन्फिगने बदल केले आहेत आणि .डेब पॅकेजेस बनवणारी मेक बिनडेब-पीकेजी ही आज्ञा चालवतो. पॅकेजेस तयार होतात, पण पुढच्या अडचणी येतात:

१. एका पॅकेजच्या नावात आवृत्तीपुढे अधिकचं (+) चिन्ह येतं, दुसऱ्यात येत नाही. शेवटचा आकडाही कुठे १, कुठे ४.
२. आर्म६४ मध्ये ओव्हरलेएफएस या फाइल सिस्टिमचं मॉड्यूल आहे, एएमडी६४ मध्ये नाहीच. असे फरक पुष्कळ आहेत आणि पॅकेज लावल्यावरच कळतात.
३. आर्म६४ च्या बोर्डावर लिनक्स-हेडर्स लावून बाहेरचं मॉड्यूल बांधायला घेतलं की फिक्सडेप या प्रोग्रामवर 'एक्झेक फॉरमॅट एरर' येते.
४. आर्म६४ चं कर्नल ग्रब हा बूटलोडर असलेल्या मशीनवर सुरू होतं, सिस्टिमडी-बूट असलेल्यावर होत नाही.
५. एएमडी६४ मशीनवर आर्म६४ चं लिनक्स-लिबसी-डेव्ह (यूजरस्पेस प्रोग्राम बांधायला लागणारी कर्नलची हेडर्स) सोबत लावायला गेलं की डीपीकेजी, म्हणजे डेबियनचं पॅकेज लावणारं साधन, नकार देतो.

यासाठी काही शिस्त आहे का, की सरळ डेबियनच्या स्वतःच्या कर्नल पॅकेजिंगवर जावं?

उत्तर १
साखळीकाम:

पहिला आणि पाचवा मुद्दा मुळात एकच आहे, म्हणून तिथून सुरुवात करतो.

कर्नल रिलीज, म्हणजे युनेम -आर जे दाखवतं ते, तीन ठिकाणांहून जुळवलं जातं: मेकफाइलमधले आकडे, लोकलव्हर्जनशी (आवृत्तीला जोडायचा आपला शेपटा) संबंधित गोष्टी आणि गिटची स्थिती. ट्री टॅगवर नसेल, लोकलव्हर्जन_ऑटो बंद असेल आणि लोकलव्हर्जन हे व्हेरिएबल दिलेलंच नसेल, तर सेटलोकलव्हर्जन ही स्क्रिप्ट शेवटी अधिकचं चिन्ह लावते. टारबॉलमधून बांधलं तर गिटच नसतं, म्हणून चिन्ह येत नाही. टॅग न आणता केलेल्या उथळ क्लोनमध्ये ते हमखास येतं. तुमच्याकडे काही बिल्ड क्लोनमधून आणि काही टारबॉलमधून होत असणार, तपासून पाहा.

उपाय असा. मेकला लोकलव्हर्जन रिकामं द्या, म्हणजे बरोबर-चिन्हानंतर काहीही नको. व्हेरिएबल रिकामं असलं तरी दिलेलं आहे एवढ्यावरच ते अधिकचं चिन्ह लावणं थांबतं. चारही कॉन्फिगमध्ये लोकलव्हर्जन_ऑटो बंद ठेवा. तुमची स्वतःची ओळख कॉन्फिगमध्ये लिहू नका, कारण मग ती चार ठिकाणी सांभाळावी लागते. सोर्स ट्रीच्या मुळाशी लोकलव्हर्जन-अमुक नावाची फाइल ठेवा आणि तिच्यात एकच ओळ, उदाहरणार्थ '-संस्था१' अशा धर्तीवर, पण लहान रोमन अक्षरांत. केबिल्ड (कर्नलची बिल्ड यंत्रणा) ती फाइल आपोआप वाचतं, त्यामुळे चारही आर्किटेक्चरला तोच शेपटा लागतो. बिल्ड डिरेक्टरीतल्या अशा फाइलीही वाचल्या जातात, तेव्हा तिथे जुनी राहिलेली नाही ना ते बघा.

शेवटचा १ किंवा ४ हा बिल्ड क्रमांक. तो प्रत्येक आउटपुट डिरेक्टरीतल्या .व्हर्जन या फाइलमध्ये मोजला जातो. आर्म६४ चार वेळा बांधलं की तिथे ४ होतो, रिस्कव्ही एकदाच बांधलं तर १. हा क्रमांक पॅकेजच्या आवृत्तीत जाऊच देऊ नका. केडेब_पीकेजीव्हर्जन स्वतः द्या, आणि युनेम -व्ही मधला आकडाही सारखा हवा असेल तर केबिल्ड_बिल्ड_व्हर्जनही द्या. दोन्ही मूल्यं बिल्ड सुरू होण्याआधी एकदाच काढायची आणि चारही बिल्डना तीच पुरवायची. प्रत्येक बिल्डने आपापली मोजणी केली की ती कधी ना कधी चुकतेच.

आता लिबसी-डेव्ह. हे पॅकेज मल्टी-आर्च: सेम असतं. अशी पॅकेजेस एका मशीनवर दोन आर्किटेक्चरसाठी लावायची तर दोघांची आवृत्ती अक्षरन् अक्षर सारखी लागते आणि सामाईक फाइली बाइट-बाइट सारख्या लागतात. तुमच्या -१ आणि -४ मुळे डीपीकेजी नकार देतो, आणि ते बरोबरच आहे. आवृत्ती एक केली की हे सुटेल. तरीही माझं स्पष्ट मत: ते पॅकेज तुमच्या रिपॉझिटरीत चढवूच नका. ते डेबियनच्या मूळ लिनक्स-लिबसी-डेव्हची जागा घेतं आणि सगळ्या यूजरस्पेसचं कंपायलेशन तुमच्या हेडर्सवर जातं. तुमच्या पॅचमध्ये नवा सिस्टिम कॉल किंवा नवा आयऑक्टल असेल तरच त्याची गरज आहे.

कॉन्फिगबद्दल. चार डेफकॉन्फिगपासून सुरुवात केली तर फरक पडणारच. एक्स८६ चं डेफकॉन्फिग आटोपशीर आहे. आर्म६४ चं डेफकॉन्फिग असंख्य एसओसी (एकाच चिपवरच्या प्रणाली) एकाच कर्नलमध्ये चालावेत म्हणून भरगच्च ठेवलेलं आहे. त्यांचे हेतूच वेगळे, त्यामुळे तुमच्या गरजेसाठी त्यातलं एकही पाया म्हणून योग्य नाही. पूर्ण .कॉन्फिग फाइल गिटमध्ये ठेवण्याऐवजी तुकडे ठेवा: एक सामाईक तुकडा (फाइल सिस्टिम्स, नेटफिल्टर, सीग्रुप, सुरक्षा, मॉड्यूल सही), प्रत्येक आर्किटेक्चरचा एक, आणि लागलाच तर फ्लेवरचा (त्याच आर्किटेक्चरच्या कर्नलचा वेगळा प्रकार) एक. डेबियन आपल्या डेबियन/कॉन्फिग डिरेक्टरीत आणि फेडोराही आपल्या कर्नल ट्रीत याच धर्तीवर थर ठेवतात. सामाईक तुकड्यात जे आहे ते आर्किटेक्चरच्या तुकड्यात परत लिहायचं नाही. लिहावं लागलंच तर शेजारी कारण हवं.

तुकडे जोडायला स्क्रिप्ट्स/केकॉन्फिग/मर्ज_कॉन्फिग.एसएच आहे. -एम पर्याय दिला की ती फक्त जोडते, आणि मग मेक ओल्डडेफकॉन्फिग (उरलेल्या पर्यायांना ठरलेली मूल्यं देणारी आज्ञा) तुम्ही चालवायचं. पण लक्षात घ्या, -एम दिल्यावर 'मागितलेलं मूल्य अंतिम कॉन्फिगमध्ये नाही' ही सूचना मिळत नाही. ओल्डडेफकॉन्फिग गुपचूप पर्याय गाळतं, कारण त्याची एखादी अवलंबिता पुरी झालेली नसते. म्हणून नंतर स्वतःची तपासणी लागतेच: तुकड्यांतली प्रत्येक ओळ अंतिम .कॉन्फिगमध्ये तशीच आहे का हे बघणारी छोटी स्क्रिप्ट, आणि एकही ओळ गळाली तर बिल्ड थांबलं पाहिजे. ही तपासणी सगळ्यात आधी लिहा. तुमचा दुसरा मुद्दा पॅकेज लावण्याआधीच पकडणारी गोष्ट हीच आहे.

आणि सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट. केकॉन्फिग (कर्नलची कॉन्फिग यंत्रणा) कंपायलरला विचारून पर्याय ठरवतं. मेक आर्च=आर्म६४ ओल्डडेफकॉन्फिग चालवलं आणि क्रॉस_कंपाइल (दुसऱ्या आर्किटेक्चरसाठी बांधणाऱ्या कंपायलरच्या नावाचा उपसर्ग) द्यायचं राहिलं, तर चाचणी एक्स८६ च्या जीसीसीवर होते. त्याला आर्म६४ चे ब्रांच प्रोटेक्शनचे पर्याय ठाऊक नाहीत, म्हणून आर्म६४_बीटीआय_कर्नल, आर्म६४_पीटीआर_ऑथ_कर्नल असे पर्याय मुकाट्याने जातात. कुठेही एरर येत नाही, फक्त कर्नल दुबळं होतं. पाहोल हे डीबग माहितीचं साधन मशीनवर नसेल तर डीबग_इन्फो_बीटीएफ असंच गायब होतं. कॉन्फिग करताना आणि बांधताना आर्च, क्रॉस_कंपाइल आणि पाथ एकच असले पाहिजेत. मेकभोवती एक आवरण-स्क्रिप्ट ठेवा आणि बाकी कुणीही मेकला थेट हाक मारायची नाही.

उत्तर २
बूटओळ:

चौथा मुद्दा. आर्म६४ मध्ये मेनलाइनची (मूळ कर्नलची) ठरलेली इमेज म्हणजे इमेज.जीझेड. बिनडेब-पीकेजी तीच उचलून /बूट/व्हीएमलिनझ-… या नावाने ठेवतं. एक्स८६ चं बीझेडइमेज किंवा ३२-बिट आर्मचं झेडइमेज स्वतःला उलगडतं, आर्म६४ चं इमेज.जीझेड उलगडत नाही. ती नुसती जीझिप फाइल आहे. ग्रब जीझिप स्वतः उघडतो म्हणून तिथे चाललं. सिस्टिमडी-बूट किंवा थेट यूईएफआय फर्मवेअरला पीई या चालवता येणाऱ्या स्वरूपाची फाइल लागते, इमेज.जीझेड तशी नाही.

दोन मार्ग आहेत. पहिला, मेकला केबिल्ड_इमेज=आर्च/आर्म६४/बूट/इमेज द्या. न दाबलेली इमेज जाईल, तीच पीईसुद्धा आहे, ग्रब, यू-बूट, सिस्टिमडी-बूट सगळीकडे चालते. डेबियनचं आर्म६४ कर्नल असंच असतं. /बूट मध्ये जागा जास्त लागते एवढंच. दुसरा, ईएफआय_झेडबूट चालू करा. ६.१ पासून आर्म६४ आणि रिस्कव्हीसाठी आहे. त्यातून व्हीएमलिनझ.ईएफआय मिळते, दाबलेलीही आणि पीईही. पण यू-बूटमधली बूटआय आज्ञा ती घेत नाही, बूटईएफआयने सुरू करावी लागते. बोर्डांमध्ये जुने यू-बूट मिसळलेले असतील तर पहिला मार्ग घ्या.

कुठल्या आर्किटेक्चरला कुठली फाइल, याचा तक्ता आपल्या स्क्रिप्टमध्ये लिहू नका. मेक -एस इमेज_नेम विचारा, उत्तर कॉन्फिगप्रमाणे येतं. आवृत्तीसाठी तसंच मेक -एस कर्नलरिलीज. स्वतःचे तक्ते कर्नल पुढे गेलं की शिळे होतात.

डिव्हाइस ट्रीबद्दल, म्हणजे बोर्डावरच्या हार्डवेअरच्या वर्णनाबद्दल थोडं. डेब पॅकेजमध्ये डीटीबी फाइली /युएसआर/लिब/लिनक्स-इमेज-<रिलीज>/ खाली जातात. आर्म६४ मध्ये त्या ब्रॉडकॉम, रॉकचिप अशा उत्पादकांच्या उपडिरेक्टरींत असतात. ३२-बिट आर्मच्या सोर्स फाइली ६.५ मध्ये तशाच उपडिरेक्टरींत हलवल्या, पण इन्स्टॉल करताना जुनी सपाट मांडणी राखली आहे. म्हणून दोन्हींसाठी एकच मार्ग गृहीत धरणारी स्क्रिप्ट एका बाजूला चुकते. फाइल नावाने शोधा, खोली गृहीत धरू नका.

उत्तर ३
मॉडपोस्ट:

हेडर्सचा मुद्दा. लिनक्स-हेडर्समध्ये नुसत्या .एच फाइली नसतात. बाहेरचं मॉड्यूल बांधताना चालणारे प्रोग्रामही असतात: फिक्सडेप, मॉडपोस्ट, मॉडव्हर्जन्स चालू असेल तर जेनकेसिम्स, एक्स८६ वर ऑब्जटूलसुद्धा. हे होस्ट प्रोग्राम आहेत, म्हणजे बिल्ड मशीनच्या आर्किटेक्चरसाठी बांधलेले. तुम्ही एक्स८६ वर क्रॉस बांधलं, पॅकेजवर शिक्का आर्म६४ चा आणि आत एक्स८६ च्या बायनरी. एरर त्याचीच.

नव्या मेनलाइनमध्ये यावर तोड आहे: पॅकेज बनवताना तेच प्रोग्राम क्रॉस कंपायलरने पुन्हा बांधले जातात. मात्र अट अशी की त्या कंपायलरला यूजरस्पेस प्रोग्राम लिंक करता आला पाहिजे, कॉन्फिगमध्ये सीसी_कॅन_लिंक दिसतं ते हेच. कर्नल.ऑर्गवरची क्रॉसटूल जीसीसी सोबत सी लायब्ररी देत नाही. तिच्याने कर्नल उत्तम बांधलं जातं, फिक्सडेप लिंक होत नाही. डेबियनची जीसीसी-एआर्च६४-लिनक्स-जीएनयू आणि तिच्या जोडीची लिबसी६-डेव्ह-आर्म६४-क्रॉस घ्या. क्रॉसबिल्ड-इसेन्शियल-आर्म६४ लावलं की दोन्ही येतात. आधी तुमच्या ६.१२ च्या स्क्रिप्ट्स/पॅकेज डिरेक्टरीत इन्स्टॉल-एक्स्टमॉड-बिल्ड उघडून ही सोय तिथे आहे का ते वाचा.

तिथे नसेल तर डेबियनचा रस्ता चांगला: प्रोग्राम वेगळ्या लिनक्स-केबिल्ड पॅकेजमध्ये, आणि ते पॅकेज त्या त्या आर्किटेक्चरसाठी स्वतंत्र बांधलेलं. प्रोग्राम मोजके आहेत, क्यूईएमयू-यूजर या इम्युलेटरखाली आर्म६४ च्या क्रूटमध्ये (वेगळ्या रूट डिरेक्टरीत) बांधले तरी फार वेळ जात नाही. अख्खं कर्नल मात्र इम्युलेशनखाली बांधू नका, वेळ वाया जातो.

बोर्डावर जाऊन हेडर्सच्या डिरेक्टरीत मेक स्क्रिप्ट्स चालवण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो. सेलिनक्स चालू असलेल्या कॉन्फिगवर तो बऱ्याचदा क्लासमॅप.एच सापडत नाही म्हणून अडतो, कारण ती फाइल पॅकेजमध्ये नसते. ग्राहकाच्या मशीनवर असली दुरुस्ती सोपवू नये.

पॅकेज तपासायला सोपी रीत: डीपीकेजी-डेब -एक्स ने उघडा आणि आतल्या प्रत्येक ईएलएफ फाइलवर फाइल ही आज्ञा चालवा. आर्म६४ च्या पॅकेजमध्ये एकही एक्स८६-६४ दिसता कामा नये. हे बिल्डच्या शेवटी आपोआप होऊ द्या.

पॅकेजघर:

खूप उपयोगी. आवृत्ती आणि इमेज जुळली. तुकडे केले, तपासणीही लावली. आता दोन गोष्टी अडल्या आहेत. एक, सीआयमध्ये (आपोआप बिल्ड करणाऱ्या यंत्रणेत) कॉन्फिगची पायरी एका कंटेनरमध्ये आणि बिल्ड दुसऱ्यात होतं. बिल्ड सुरू होताच 'रीस्टार्ट कॉन्फिग' येतं आणि इनपुट संपलं म्हणून थांबतं. दोन, आर्मएचएफ आम्ही आर्म६४ सर्व्हरवरच्या ३२-बिट कंटेनरमध्ये बांधून पाहिलं, तर ते आर्म६४ चं कॉन्फिग मागतं.

साखळीकाम:

पहिलं: दोन कंटेनरमधले कंपायलर वेगळे आहेत. .कॉन्फिगमध्ये सीसी_व्हर्जन_टेक्स्ट नोंदवलेलं असतं. बिल्ड सुरू होताना ते जुळलं नाही की केबिल्ड कॉन्फिग पुन्हा तपासतं, नव्या कंपायलरमुळे उघडलेले पर्याय विचारतं, आणि सीआयमध्ये उत्तर द्यायला कुणी नसतं. दुसऱ्या कंटेनरमध्ये पुन्हा ओल्डडेफकॉन्फिग चालवून हे लपवू नका, त्याने कॉन्फिग बदलतं आणि तुमची तपासणी मागे राहते. दोन्ही पायऱ्या एकाच कंटेनर-इमेजमध्ये करा आणि ती टॅगने न घेता डायजेस्टने (नेमक्या हॅशने) बांधून ठेवा.

चारही आर्किटेक्चरसाठी कंपायलर एकच हवा असेल तर क्लँगचा विचार करा. मेकला एलएलव्हीएम=१ आणि आर्च दिलं की ५.१५ पासून क्रॉस_कंपाइलचीही गरज उरत नाही. एकच कंपायलर, एकच लिंकर, एकच आवृत्ती. चार जीसीसी पॅकेजेसच्या आवृत्त्या जुळवत बसण्यापेक्षा हे सोपं. मात्र हेडर्समधले प्रोग्राम लिंक करायला त्यालाही लक्ष्य आर्किटेक्चरची सी लायब्ररी लागतेच. आणि बाहेरचं मॉड्यूल बांधणाऱ्यालाही क्लँगच वापरावा लागेल, हे तुमच्या वापरकर्त्यांना सांगावं लागेल.

दुसरं: आर्च दिलं नाही तर केबिल्ड युनेम -एम विचारतं. कंटेनर ३२-बिट असला तरी खालचं कर्नल ६४-बिट, उत्तर एआर्च६४ येतं. आर्च=आर्म स्पष्ट द्या, किंवा लिनक्स३२ या आज्ञेखाली चालवा. नेटिव्ह बिल्ड असलं तरी आर्च नेहमी द्यायची सवय ठेवा. मग नेटिव्ह आणि क्रॉस यांच्या आज्ञांत फरक राहत नाही.

उत्तर ४
सारखंबिल्ड:

एक गोष्ट सुटली आहे. कुणी मॅकवर डॉकर लावून बांधत असेल तर सोर्स मॅकच्या डिस्कवरून माउंट करू नका. कर्नलमध्ये नेटफिल्टरच्या एक्सटी_कॉनमार्क.एच सारख्या फाइली फक्त लहान-मोठ्या अक्षरांच्या फरकाने दोनदा आहेत. मॅकची फाइल सिस्टिम ठरलेल्या मांडणीत हा फरक मानत नाही, एक फाइल दुसरीवर बसते. मग गिट ट्री बदललेली दाखवतं आणि लोकलव्हर्जन_ऑटो चालू असेल तर आवृत्तीला 'डर्टी' लागतं. डॉकरच्या व्हॉल्यूममध्ये क्लोन करा.

आउटपुट डिरेक्टरी: प्रत्येक आर्किटेक्चरला ओ= ने वेगळी, आणि सोर्स ट्री कायम स्वच्छ. सोर्समध्येच एकदा बिल्ड केलं असेल तर ओ= वालं बिल्ड 'सोर्स ट्री स्वच्छ नाही, एमआरप्रॉपर करा' म्हणून थांबतं. .डेब फाइली आउटपुट डिरेक्टरीच्या एक पायरी वर पडतात, म्हणून आउट/आर्म६४/बिल्ड अशी दोन पायऱ्यांची मांडणी सोयीची. डीबग माहिती चालू असेल आणि वितरणासारखं भरगच्च कॉन्फिग असेल तर एका आर्किटेक्चरला २० ते ३० जीबी जागा धरून चला.

पुन्हा बांधलं तर बाइट-बाइट तेच यावं असं वाटत असेल तर केबिल्ड_बिल्ड_टाइमस्टॅम्प, केबिल्ड_बिल्ड_युजर आणि केबिल्ड_बिल्ड_होस्ट हे तिन्ही बांधून टाका. वेळ कमिटच्या तारखेवरून घ्या, आणि तीच सोर्स_डेट_इपॉकलाही द्या, कारण डीपीकेजी ते बघतं. आउटपुटचा मार्ग बायनरीत उतरू नये म्हणून केसीफ्लॅग्जमध्ये फाइल-प्रीफिक्स-मॅप द्यावा लागतो.

मॉड्यूल सही इथे आड येते. किल्ली दिली नाही तर सर्ट्स/साइनिंग_की.पीईएम प्रत्येक नव्या आउटपुट डिरेक्टरीत नवी तयार होते आणि तिचा सार्वजनिक भाग कर्नलमध्ये जातो, त्यामुळे दोन बिल्ड कधीच सारखी येणार नाहीत. मॉड्यूल_सिग_की मध्ये ठरलेली किल्ली द्या, किंवा बिल्ड सहीशिवाय करून सही वेगळ्या मशीनवर साइन-फाइलने करा. दुसरा मार्ग जास्त सुरक्षित, खासगी किल्ली सीआयच्या मशीनवर येतच नाही. क्रम पाळा: आधी स्ट्रिप, मग सही, मग कॉम्प्रेशन. मेक मॉड्यूल्स_इन्स्टॉलला इन्स्टॉल_मॉड_स्ट्रिप=१ दिलं की तो हाच क्रम धरतो. सहीनंतर पॅकेजिंगच्या साधनाने पुन्हा स्ट्रिप केलं तर सही जाते, आरपीएमवाल्यांना हे हमखास भोवतं.

डेबियनच्या पॅकेजिंगवर जावं का, हा मूळ प्रश्न राहिलाच. डीकेएमएस (बाहेरची मॉड्यूल आपोआप बांधणारी व्यवस्था) वापरणारे ग्राहक, सिक्युअर बूट आणि अनेक फ्लेवर असतील तर जा. लिनक्स-केबिल्ड वेगळं असणं आणि एएमडी६४, आर्म६४ च्या सह्यांसाठी स्वतंत्र सोर्स पॅकेजेस असणं, हे दोन्ही आयतं मिळतं. बदल्यात त्यांची नियंत्रण फाइल तयार करणारी पायथन साधनं आणि पॅच मालिकेची रीत शिकावी लागते. चार बोर्ड आणि एक सर्व्हर एवढाच पसारा असेल तर बिनडेब-पीकेजी पुरे.

बूटओळ:

रिपॉझिटरीत चढवण्याआधी चारही बूट करून बघा, बोर्ड लागत नाहीत. क्यूईएमयूमध्ये आर्म६४, आर्म आणि रिस्कव्हीसाठी व्हर्ट मशीन, एएमडी६४ साठी क्यू३५. कर्नल आणि छोटं इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीची फाइल सिस्टिम) थेट द्या. कन्सोलचं नाव चुकलं की पडदा कोरा राहतो आणि कर्नल अडकलं असं वाटतं: दोन्ही आर्मवर टीटीवायएएमए०, एएमडी६४ आणि रिस्कव्हीवर टीटीवायएस०. आत युनेम -आर चारही ठिकाणी तेच येतंय ना, एक मॉड्यूल मॉडप्रोबने चढतंय ना आणि मॉडइन्फोमधला व्हरमॅजिक (मॉड्यूल कुठल्या कर्नलसाठी आहे ती खूण) त्या कर्नलशी जुळतोय ना, एवढं बघा. मग चारही पॅकेजेसमधल्या /बूट/कॉन्फिग-* फाइली काढून स्क्रिप्ट्स/डिफकॉन्फिगने जोडीजोडीने ताडा. आर्किटेक्चरच्या तुकड्यात न लिहिलेला फरक दिसला, तर पॅकेज चढवण्याआधी त्याचं कारण शोधा.